सतरा नंबरची नक्षी

सोलापूर
१८ फेब्रुवारी १९७९

चि. महानंदा हीस,

सिद्धलिंगप्पा मामाचे आशीर्वाद. तिकडे गुडघाभर बर्फ आहे हे वाचून तुझ्या मामीनं आणखी एक चादर बांधून ठेवली आहे. मी म्हटलं, पोस्टानं पाठवायची तर चादरीपेक्षा तिकिटंच जड होतील. ती म्हणाली, "मग तुम्हीच घेऊन जावा की."

तुझ्या पत्रात चार पानं थंडी आणि एक ओळ काम. "मेंदूतली गाठ आणि चांगला मेंदू यांतला फरक दाखवणारं यंत्र" एवढंच. पोरी, नव्या पेठेत मला रोज कुणीतरी विचारतं, भाची काय करते. मी सांगतो. समोरचा म्हणतो, "म्हणजे एक्सरे." मी म्हणतो, "एक्सरेचा बाप." पुढं मला काही सांगता येत नाही. किती दोऱ्याचं आहे हे माहीत नसताना मी आजवर कापड विकलेलं नाही, मग भाचीची बढाई आंधळेपणानं का मारू? तेव्हा चौथी पास माणसाला कळेल असं लिही, आणि त्या यंत्रातनं निघालेलं एखादं चित्र पाठव.

अक्का रविवारी कुंभारीहून आली होती. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "पोरगी तितं लोकांची डोस्की बघती म्हन की."

"व्हय अक्का."

"डोस्की बघून काय कळतंय? तिच्या बापाचं डोस्कं म्या बारा वर्सं बघितलं, काय कळलं न्हाय."

हसली, आणि मग पदरानं डोळेही पुसले. बाप गेल्यावर नवव्या वर्षी तुला माझ्याकडं शाळेला आणून सोडलं, ते आईच्या मनातनं जात नाही. मला मात्र मी चादरींची नक्षी काढायचो त्या ग्राफच्या टेबलाखाली तू बसून लाल पेन्सिलीनं घरं भरायचीस तेच आठवतं. अमेरिकेचा रस्ता त्या टेबलाखालनं गेला, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं असलं तर सांग.

तुझा,
सिद्धलिंगप्पा मामा

---

अमेरिका
९ मार्च १९७९

ती. मामांना शरणु,

खोटं नाही, पण टेबलाखाली डासही होते, तेही सांगत जा.

आता काम. तुम्ही नवीन नक्षी लावताना ताण्याच्या उभ्या दोऱ्यांत एखादा वेगळ्या रंगाचा दोरा घालता, तो कुठं कुठं वर येतो ते बघायला. आम्ही तेच करतो, फक्त साखरेत. साखरेच्या अगदी बारीक कणाला एक खूण चिकटवतो. ती खूण किरण सोडते आणि दोन तासांत अर्ध्याहून जास्त विझते, म्हणून घाई असते. ती साखर शिरेतून देतात. माणूस आडवा होतो, डोक्याभोवती कड्यासारखं यंत्र असतं, आणि साखर मेंदूत कुठं किती गेली ते मोजलं जातं.

मेंदू दिवसभर साखरच खातो. वाईट गाठ त्याहून हावरट. पण मेलेली जागा, म्हणजे ऑपरेशनचा वण किंवा किरणांनी जळलेला भाग, काहीच खात नाही. एक्सरेच्या नव्या यंत्रात गाठ आणि वण सारखेच दिसतात. त्यात आकार दिसतो, भूक दिसत नाही. आमचं यंत्र भूक दाखवतं.

अडचण ही की चांगला मेंदूही भुकेलाच. नुसतं उजळ दिसलं म्हणून गाठ म्हणता येत नाही, डावी-उजवी बाजू ताडून बघावी लागते.

सोबतचा फोटो आमच्या सतरा नंबरच्या बाईंचा आहे. नाव सांगायचं नसतं. शाळेत गाणं शिकवतात. फोटो मामांना पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, "माझं डोकं तरी हिंदुस्थान बघेल." गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूची गाठ काढली. उजवी बाजू डावा हात चालवते, आणि आता तो हात परत जड झालाय. गाठ परत आली की नुसता वण आहे, यावर पुढचं सगळं ठरणार. गाठ असेल तर लगेच ऑपरेशन, वण असेल तर गोळ्या. फोटोत नाक वरच्या बाजूला आहे, डावं ते डावं. उजवीकडं थोडं उजळ, थोडं मंद, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. जूनमध्ये परत बघणार.

आणि हसू नका: आमचा कॉम्प्युटर भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालतो.

तुमची,
महानंदा

---

सोलापूर
२९ मार्च १९७९

चि. महानंदा,

पत्ते! अगं, मग ते आमच्या मागावरचं जेकार्डच की! नक्षीसाठी एवढी वर्षं मी पत्त्यांना भोकं पाडतोय आणि मला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही.

तुझा फोटो भिंगातनं बघितला. चौकोन चौकोन दिसतात, चौसष्ट आडवे, चौसष्ट उभे. माझा हात राहीना. ग्राफवर घर न घर उतरवलं, पत्ते पाडले आणि तीन नंबरच्या मागावर लावलं. भिंतीवर लावायचं कापड झालंय, मरून आणि पांढरं. मागावाला सिद्धाराम विचारत होता, "मालक, हे पपनस हाय का?" मी म्हटलं, "मेंदू आहे." तेव्हापासून तो त्या मागाकडं पाठ करून चहा पितो.

साखरेचं अक्काला सांगितलं. लगेच म्हणाली, "म्हनूनच लहानपनी डब्यातला गूळ चोरून खायाची. म्या उगाच मारलं." आता ती कुंभारीत सगळ्या पोरांना गूळ वाटते आहे. तुमच्या खात्यानं एक काम चांगलं केलं.

पत्त्यांबद्दल मात्र मोठ्या माणसाचा एक सल्ला ऐक. मी १९६१ साली एका लग्नाचे टॉवेल विणले होते. नवऱ्या मुलाचं नाव शिवयोगी. पत्ते माळेसारखे शिवताना पालथे शिवले गेले, आणि दोनशे टॉवेलांवर नाव उलटं आलं. मुलाचा बाप टॉवेल घेऊन दारात उभा. "सिद्धलिंगप्पा, तोंड पुसायचं ते आरशात बघून पुसायचं काय?" त्याआधी कितीदा फुलं पालथी विणली असतील, कुणास ठाऊक. फूल उलटं आलं तरी फूलच दिसतं. अक्षर उलटलं की गाव हसतं.

सतरा नंबरच्या बाईंना नमस्कार सांग. त्यांचं डोकं भिंतीवर फार शोभतं.

मामा

---

अमेरिका
१४ जून १९७९

ती. मामांना शरणु,

आज मी तुमच्यासारखी बढाई मारणार आहे, बसून वाचा.

सतरा नंबरच्या बाईंचं दुसऱ्यांदा बघितलं. त्यांच्या मानेवर मागं गळू झालं होतं, पाठीवर झोपता येईना. सगळे म्हणाले, पुढं ढकलू. पण खुणेची साखर तयार झाली होती, ती विझून गेली असती. मी म्हटलं, पालथं झोपवा, चित्र मी सरळ करते. दहा मिनिटांत एक नवा पत्ता पाडला, कॉम्प्युटरला घातला, आणि नाक परत वर आलं!

चित्र एकदम स्वच्छ आहे. डावी बाजू छान भुकेली, चांगल्या मेंदूसारखी. उजवी बाजू, जिथं भीती होती, ती काळी. काही खात नाही. म्हणजे वण! मंगळवारच्या बैठकीत मी नेहमी शेवटच्या रांगेत बसते. साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, तू सांग. मी सांगितलं. हात जड का, तर वणाच्या सुजेमुळं, असं डॉक्टरांनीही मानलं. ऑपरेशन नको, गोळ्या द्यायच्या असं ठरलं. आमच्या यंत्राच्या शब्दावर ठरलेली ही पहिली गोष्ट, आणि तो शब्द माझ्या तोंडून गेला, मामा.

बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. जुलैच्या शेवटी त्या मुलीकडं लांबच्या गावी राहायला जाणार आहेत. तिथं असलं यंत्र नाही, पण आता लागणारही नाही.

माझं इथलं पुढचं वर्ष मंजूर होईल असं साहेब म्हणाले. दुसरा फोटो सोबत आहे, डोक्याचा आडवा काप कानापासून मोजून अगदी त्याच उंचीवरचा. जोडी लावा.

तुमची,
महानंदा

---

सोलापूर
२९ जून १९७९

चि. महानंदा,

हे पत्र दोन दिवस उशिरा लिहितो आहे, ती माझी चूक. आधी तार केली. ती तुला या पत्राच्या आधी मिळेल आणि तुला माझा रागही येईल.

फोटो आला त्या दिवशी पेढे वाटले. मग जोडी लावायची म्हणून ग्राफ घेतला. पहिल्या फोटोची कड माझ्या हाताला पाठ झाली होती. मागच्या अंगाला, म्हणजे चित्रात खाली, डावी बाजू उजवीपेक्षा तीन घरं जास्त उतरते. कपाळाशी उजवी बाजू दोन घरं पुढं. माणसाचं डोकं फुलासारखं सारखं नसतं, हे मला तुझ्यामुळंच कळलं. दुसऱ्या फोटोत मागं उजवी बाजू तीन घरं उतरलेली, आणि कपाळाशी डावी पुढं.

वाटलं, मी चुकलो. परत मोजलं. मग जूनचा ग्राफ पालथा करून मार्चच्या ग्राफवर ठेवला आणि खिडकीच्या काचेला लावला. चौसष्टपैकी एकोणसाठ ओळींची कड जुळली. सरळ ठेवला तर एकवीस. आतला उजळ-मंद रंग मी बघितलाच नाही, त्यातलं मला कळत नाही. नुसती कड मोजली. दोन्ही ग्राफ सोबत आहेत.

मामीला दाखवलं. ती म्हणाली, "पोरीचं एवढं कौतुक झालंय, तुम्ही कशाला मधी जाता? तितं काय डोळं न्हाईत का कुणाला?" दोन दिवस मी तिचं ऐकलं, कारण ते मला ऐकायचंच होतं. तिसऱ्या दिवशी टेबलावर बसलो तर त्या गाणंवाल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डावी-उजवीची अदलाबदल असेल तर काळी बाजू कुठली आणि भुकेली कुठली, हे तू मला सांगायचं आहेस.

तारेचीही गंमत झाली. पोस्टातला कमलाकर म्हणाला, "मामा, उलटं म्हणजे डोकं खाली का?"

"नाही, पालथं."

"मग पाठ वर?"

"अरे, पाठ ना पोट. कापड पालथं करतो तसं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "पालथ्याला इंग्रजी नाही." शेवटी मराठीच इंग्रजी अक्षरांत घातलं: जूनचा फोटो पालथा, मार्चशी ताडून बघ, मामा.

माझा अंदाज, पत्ते पालथे लागले असतील. चुकीचा निघाला तर तुझ्या साहेबांना सांग, मामा म्हातारा झालाय. आनंदानं म्हातारा होईन.

मामा

---

सोलापूर
३ जुलै १९७९

चि. महानंदा,

तुझी तार मिळाली. "चित्र बरोबर. तपासलं. काळजी नको."

पोरी, आठ मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय हे मला दारातनं ऐकू येतं. तुझ्या पाच शब्दांतला अडखळलेला मला ऐकू आला, तो "तपासलं". फोटोच्या कोपऱ्यात डावं-उजवं लिहिलंय, तेवढं तू बघितलंस. ते लिहिणारा कोण? तोच कॉम्प्युटर ना?

माझे ग्राफ पोचतील. माझ्यावर राग ठेवून बघ, पण बघ. आणि त्या बाई मुलीकडं जायच्या आत बघ.

मामा

---

अमेरिका
२४ जुलै १९७९

ती. मामांना शरणु,

तुम्ही बरोबर ऐकलंत. तार आली तेव्हा मी फोटोचा कोपरा बघितला, डावं-उजवं जागच्या जागी होतं, आणि मला खरंच राग आला. चौथी पास मामा मला शिकवतोय, असा विचारही आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

अकरा तारखेला ग्राफ आले. खोलीतल्या खिडकीला लावले आणि कड मोजली. तशीच लॅबमध्ये जाऊन माझा पत्ता काढला. पत्ते पालथे नव्हते, मामा. पत्ताच चुकीचा होता, मी पाडलेला.

पालथ्या झोपलेल्या माणसाचं चित्र सरळ करायचं तर ते अख्खं फिरवायला हवं, जशी चादर डोक्याकडची पायाकडं करतो. मी नुसत्या ओळी वरच्या खाली आणि खालच्या वर लावल्या. ओळीतली घरंही उलटी करायची ती केली नाहीत. नाक वर आलं, म्हणून सगळे खूश. पण चित्र फिरलं नाही, पालथं झालं. आणि डावं-उजवं कॉम्प्युटरनं नेहमीच्या जागी छापून टाकलं.

म्हणजे भुकेली बाजू उजवी होती. मी जिला चांगला मेंदू म्हटलं, ती गाठ होती. आणि काळी पडलेली ती डावी. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या भारी औषधानं चांगला मेंदू मंदावला, आणि हावरट गाठीपुढं तो काळाच उमटला, असं आता म्हणतात.

मी साहेबांच्या घरी गेले. त्यांनी त्याच संध्याकाळी दवाखान्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक झाली. साहेब मला दारात हळूच म्हणाले, लेबलाची गडबड झाली एवढंच सांगू. मला सांभाळून घेत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, लेबल नाही, पत्ता चुकला, तो मी पाडला, आणि गेल्या महिन्यात इथं उभी राहून मी जे सांगितलं ते चूक होतं. कुणीतरी विचारलं, हे पकडलं कुणी? मी म्हणाले, माझ्या मामांनी, ते सोलापूरला चादरी विणतात. एक जण हसला. मी ग्राफ खिडकीला लावले. मग कुणी हसलं नाही. उठून एकेक जण मोजायला लागला.

सोळा तारखेला ऑपरेशन झालं. उजवीकडं लिंबाएवढी जिवंत गाठ निघाली. सगळी निघत नाही, हे बाईंनाही माहीत आहे. दोन वर्षं मिळाली तर खूप, असं डॉक्टर म्हणतात. पण परवा त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं पलंगाच्या कडेवर वाजवून दाखवली. मी त्यांना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तू स्वतः सांगायला आलीस."

साहेबांनी आधीच्या सगळ्या चित्रांची कड परत मोजायचं काम मला दिलंय. पुढच्या वर्षाच्या कागदावर मात्र अजून सही झालेली नाही. होईल की नाही, माहीत नाही. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
महानंदा

---

सोलापूर
५ ऑगस्ट १९७९

चि. महानंदा,

काय सांगायचं ते ठरवायला मला फार वेळ लागला नाही.

तुझं पत्र खिशात घेऊन नव्या पेठेत माझा जुना मित्र श्रीमंत याच्या कापडदुकानात गेलो. चार जण बसले होते. श्रीमंत म्हणाला, "काय सिद्धलिंगप्पा, भाची काय म्हणते?"

मी म्हटलं, "चुकली."

 श्रीमंतनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला, कुणी गेल्यावर सरकवतात तसा. "असू द्या हो. बाहेर कुठं बोलू नका."

"बोलू नका काय? भर सभेत उभी राहून म्हणाली, मी चुकले. साहेब झाकत होते, हिनं झाकू दिलं नाही. बाई वाचली तिथं!"

"हो, पण चुकली हे गावात कशाला..."

"श्रीमंत, तीस वर्षं तुझ्याकडं बसतोय. तुझ्या दुकानात एकदा तरी कुणी 'मी चुकलो' म्हटल्याचं मी ऐकलंय का? माझे कान काही वाईट नाहीत."

तो हसला आणि म्हणाला, "नाही बाबा, ऐकलं असशील तर आठवण करून दे." मग सगळ्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ग्राफ मी मोजले हे सांगितलं, माणूसच आहे मी. पण थोडक्यात सांगितलं. मोजायचं माझं कामच आहे, त्यात कसली बहादुरी? पेढे वाटल्यावर ते परत मागायला जाणं, ते तू केलंस. तुझ्या तारेचा राग मला आला होता. तो आता मामीच्या खात्यावर टाकला आहे. सही होवो न होवो, पोरी. नाही झाली तर परत ये, आपल्याकडं पत्ते भरपूर आहेत. पण तो साहेब कड मोजायचं काम तुलाच देतो, म्हणजे तो अडाणी नाही. माझं मन सांगतं, सही होईल.

अक्काला सांगायची मात्र भीती वाटत होती. काल तिला कुंभारीच्या गाडीवर सोडायला एसटी स्टँडवर गेलो, तिथं सांगितलं.

"चुकली म्हंजी? मार बसला का?"

"नाही गं, तिथं मारत नाहीत."

"रडली आसंल."

"ते लिहिलं नाही."

"न्हाय लिहिलं म्हंजी रडली. त्या बाईचा हात हलतोय का?"

"हलतोय. तीन बोटं."

"मग झालं की." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कबूल कुनाफुडं झाली?"

"वीस-एक मोठ्या डॉक्टरांपुढं."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

 गाडी लागली. अक्का चढली, खिडकीशी बसली, आणि शेजारच्या बाईला तिनं नाव-गावही विचारलं नाही. मी खाली उभा राहून ऐकत होतो. गाडीच्या आवाजावर आवाज काढून ती सांगत होती, "आमची पोरगी अमेरिकेला असती. लई शिकल्याली हाय. चुकली तर इंग्रजीत कबूल करती."

तुझा,
सिद्धलिंगप्पा मामा